एकविसाव्या पानावरचा गोल

आमच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे. ठाकुर्लीकडून डोंबिवलीत येताना तो रस्त्यावरूनच दिसतो. गेली कित्येक वर्षं त्यावरचं अक्षर माझं. वरच्या भागात बातम्या: नवी पुस्तकं आली, दिवाळी अंकांची नोंदणी सुरू, अमुक दिवशी वाचनालय बंद. खालच्या भागात ‘या आठवड्यात हे वाचा’. आता व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झालाय, तरी मी फळा सोडलेला नाही. अक्षराचा गर्व म्हणा हवं तर. माझं ऐकून पुस्तक नेणारे किती, ते मला ठाऊक आहे, त्यामुळे तो गर्वही फार ताणत नाही.

मी तिथली ग्रंथपाल. स्वभावाने तापट, आणि पुस्तकं खराब करणाऱ्यांवर माझा कायमचा दात. जुन्या सभासदांना एक खोड असते. वाचून झालेल्या पुस्तकात पेन्सिलीने खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी जात नाही. कुणाची फुली, कुणाचं आडनावाचं पहिलं अक्षर, आणि ज्याचं त्याचं पान ठरलेलं. मी ओरडून ओरडून थकले. “अहो मॅडम, पेन्सिलच तर आहे,” एवढंच उत्तर मिळायचं.

गेल्या मे महिन्यात तपासणीला माणसं येणार होती. मी दोन आठवडे रोज दुपारी खोडरबर घेऊन बसले आणि चरित्रं नि प्रवासवर्णनं अशी तीन कपाटं स्वच्छ करून टाकली. एकविसाव्या पानावर एक बारीकसा गोल वरचेवर सापडत होता. ‘हा कोण एवढा वाचणारा?’ असं मनात आलं, पण हात थांबला नाही. पुसायचं, फुंकर मारायची, पुढचं पुस्तक. मग फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं, ‘पुस्तकांतील सर्व खुणा पुसल्या आहेत. वाचकांनी सहकार्य करावे.’ तपासणीवाल्यांनी हजेरीपट पाहिला, चहा घेतला आणि गेले. एकही पुस्तक कुणी उघडलं नाही.

जूनमध्ये सत्तरीच्या एक बाई आल्या. त्यांचे यजमान आमचे जुने सभासद, दर शनिवारी यायचे. हिवाळ्यात ते गेले, हे मला माहीत होतं. बाई याआधी कधी वाचनालयाची पायरी चढल्या नव्हत्या. सभासदत्व मी त्यांच्या नावावर करून दिलं. त्या सरळ प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी गेल्या. पुस्तक काढायचं, उघडायचं, बघायचं, मिटून ठेवायचं. तासाभराने रिकाम्या हाताने घरी गेल्या. पुढच्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी माझं डोकं फिरलं.

“काकू, भेंडी निवडल्यासारखी पुस्तकं काय निवडताय? फळ्यावर सुचवलंय ना, त्यातलं एखादं न्या की.”

त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “ह्यांनी वाचलेलंच हवंय हो मला. चरित्रं नि प्रवासवर्णनं, दुसरं काही वाचायचे नाहीत हे. हे संध्याकाळी वाचत बसायचे आणि मी आतून विचारायचे, काय एवढं आहे त्यात? तर म्हणायचे, ये, वाचून दाखवतो. मला कधी सवड झाली नाही. आता सवडच सवड आहे.” मग म्हणाल्या, “वाचून झालं की हे एकविसाव्या पानावर गोल काढायचे. एवढं मला नक्की आठवतंय. पण इथे एकातही नाही. की माझंच पान चुकतंय?”

पान बरोबर आहे, एवढंही मी सांगू शकले नाही. “शोधते मी,” म्हटलं आणि रजिस्टरमध्ये डोकं खुपसलं. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही. शोधणार तरी कुठे? पुस्तकांमागची जुनी कार्डं कॉम्प्युटर आला तेव्हा रद्दीत गेली, आणि कॉम्प्युटरवर फक्त आज कोणतं पुस्तक कुणाकडे आहे तेवढं दिसतं. त्या माणसाने काय काय वाचलं याची जगात एकच नोंद होती, ती मी झाडूने केरात लोटली होती.

फळ्यावर नवी बातमी लिहिली: ‘घरी असलेल्या पुस्तकाचे एकविसावे पान पाहावे. पेन्सिलीचा गोल असल्यास पुस्तक लवकर परत करावे.’ काहींना वाटलं स्पर्धा आहे, बक्षीस काय ते विचारून गेले. एकच पुस्तक आलं. ते मेच्या आधीपासून एकाच्या घरी धूळ खात पडलं होतं म्हणून माझ्या खोडरबरातून वाचलं. बाईंनी त्या गोलावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. पंधरा दिवसांनी पुस्तक परत देताना विचारलं, “अजून एखादं?”

नव्हतं. तेव्हा मी जे केलं त्याची लाज मला आजही वाटते. कपाटाआड जाऊन एक चांगलं प्रवासवर्णन काढलं, त्यांच्या यजमानांनी नक्की वाचलं असेल असं स्वतःला समजावलं, एकविसावं पान उघडलं आणि पेन्सिलीने गोल काढला. सुबक काढला. माझा हात वळणदार आहेच. मग ‘हे एक सापडलं’ म्हणून बाईंना दिलं.

पुढच्या शनिवारी बाई आल्या. पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं.

“छान आहे पुस्तक. पण हे ह्यांनी वाचलेलं नाही.”

मी उघड्या पानाकडे पाहिलं.

“ह्यांचा हात कापायचा. गोल कधी पुरा मिळायचा नाही, खाली फट राहायची.” आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “खुणा तुम्ही पुसल्यात, ते कळलंय मला. आमच्या शेजारच्यांनी फळा वाचला होता. त्याचं काही नाही, तुमचं कामच ते. पण हे करू नका. त्या एकावरही मग माझा विश्वास बसायचा नाही.”

मी “चुकलं” म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी खोडरबर मागितला. तो माझ्याच खणात होता, तोच, मेमधला. मी दिला. बाईंनी पान डाव्या हाताने धरून माझा गोल पुसला, अगदी हलक्या हाताने, कागद चुरगळू न देता. मग फुंकर मारली, पुस्तक मिटलं आणि रिकाम्या हाताने घरी गेल्या.