उलटा बिल्ला

माझ्या साडूचं मला बघवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दिंडोरीला त्याची द्राक्षबाग आहे, बागेत बंगला आहे, बंगल्यापुढे गाडी आहे आणि गाडीमागे दुसरी गाडी आहे. मी सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरून आलेला पार्ट गेजला लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल रंगाचा ठिपका देऊन रिजेक्टच्या पेटीत. एवढंच काम, पण मी ते असं केलं की मशीनवरचे लोक मला लांबून येताना बघून बिड्या विझवायचे. साडूला दहावी सुटायला तीन वर्षं लागली. तरी सासुरवाडीला पहिला पाट त्याचा. सासरे होते तोपर्यंत धाकट्या जावयाला विचारल्याशिवाय साधी मोटर बदलायचे नाहीत. मला विचारायचे, "बस वेळेवर मिळाली का?"

आणि माणूस वाईट असता तरी चाललं असतं. वाईट माणसाला नावं ठेवता येतात, दोन घास जास्त जातात. हा दर हंगामात एक्सपोर्टच्या द्राक्षांची पेटी स्वतः उचलून तिसऱ्या मजल्यापर्यंत आणतो, वर माझ्या पाया पडतो. बायको म्हणते, "बघा, शिका काहीतरी." मी द्राक्षं खातो. गोड असतात, हे कबूल करताना जिवावर येतं.

सगळ्यात त्याची सरशी. फक्त एक जागा माझी होती. नाशकात पहिली पूल पार्लरं निघाली तेव्हापासून मी खेळतो. आधी पूल, मग बिलियर्ड्स. खेळणारा म्हणून मी बरा, पण क्यूचा जाणकार म्हणून माझा शब्द चालतो. क्यू म्हणजे ज्या काठीनं चेंडू मारायचा ती. जुना, हातानं घडवलेला विलायती क्यू कुणाच्या घरी सापडला की तो आधी माझ्याकडे येतो. लाकूड कोणतं, किती जुना, खरा की मागाहून जोडलेला, काय किंमत यावी, मी सांगतो. लोकांचे क्यू मी बघत आलो, पुसत आलो, टोकाला नवं चामडं बसवून परत देत आलो. माझा स्वतःचा असा एकही नव्हता. आधी फ्लॅट, मग मुलीचं इंजिनिअरिंग, मग तिचं लग्न. बायको म्हणायची, "घ्या की एकदाचा." मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर. खरं म्हणजे चांगला जुना क्यू विकत मिळत नाही, तो नशिबानं हाताला लागतो. आणि नशीब आमच्या घराण्यात धाकट्या जावयाकडे राहायला गेलेलं.

मार्चमध्ये मला साठ पूर्ण होऊन मी रिटायर होणार होतो. त्याआधी जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडू आला. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक.

"भाऊ, ही काठी बघा बरं जरा," तो म्हणाला. "कॅम्पातला एक जुना बंगला पाडत व्हते. मी सागवानी दारं घ्यायला गेलो तर दारांसंगं ही फुकटच आली. तुमच्या खेळातली दिसती. चांगली हाय का, काय किमतीची हाय, तेवढं सांगा."

काठी म्हणाला. मी गोणपाट सोडलं आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेलो.

आमच्या घरात सगळ्यात सपाट जागा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. क्यू सरळ आहे का हे मी तिथेच लोळवून बघतो, त्यामुळे बायकोला न सांगता समजतं, ती डबे बाजूला घेते. क्यू ओट्यावर सोडला. एवढासाही डुगडुगला नाही, शेवटपर्यंत गुळगुळीत लोळत गेला. पुढचा भाग ॲश लाकडाचा, जुन्या तुपासारखा पिवळा पडलेला. मागचा आबनुसाचा, काळाभोर. दोन्ही लाकडं जिथे एकमेकांत शिरतात तिथली चार टोकं मी मोजपट्टीनं मोजली. मशीनवरची टोकं तंतोतंत सारखी असतात. ही केसाकेसानं कमीजास्त होती. म्हणजे हातानं बसवलेली. म्हणजे माझ्या बापापेक्षा वयानं मोठा क्यू.

मग बुडाकडे आलो. तिथे एक बाजू चपटी तासलेली असते आणि तिच्यावर कारखान्याचा बिल्ला बसवतात, बोटाच्या पेराएवढी पांढरी पट्टी, तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव. या क्यूवर तो बिल्ला उलटा होता. क्यू धरल्यावर अक्षरं डोक्यावर उभी.

माझं कारखान्यातलं भिंग काढून मी खिडकीत गेलो. असा बिल्ला दोन कारणांनी उलटा असतो. एकतर मधे कधीतरी निघाला आणि कुणी अडाण्यानं उलटा चिकटवला. तसं असेल तर क्यू मातीमोल. नाहीतर कारखान्यातल्या कारागिरानंच त्या दिवशी चूक केली, आणि माझ्यासारखा कुणीतरी इन्स्पेक्टर तेव्हा चहाला गेला होता. मी कडेनं नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. लाकडावरचं जुनं पॉलिश सलग बिल्ल्याच्या कडेवर चढलेलं होतं, आणि त्या पॉलिशच्या बारीक भेगा लाकडावरून थेट बिल्ल्यावर गेलेल्या. एकदा लावलेला तो आजवर हललाच नव्हता. चूक जन्मजात होती.

माल सगळा नीट आणि चूक एकाच नगात, अशा नगावर शौकीन लोक जीव टाकतात. मी "चष्मा घेऊन येतो" म्हणून क्यूसकट आतल्या खोलीत गेलो. चष्मा डोळ्यांवरच होता. पुण्यात जुने क्यू विकणारा एक ओळखीचा माणूस आहे, त्याला फोटो पाठवले. बाहेर साडू पोहे खात होता, बायकोशी हसत होता. उत्तर लगेच आलं. सरळ बिल्ल्याचा असता तर चांगल्या मोबाईलची किंमत आली असती. उलटा असेल आणि मूळचा असेल तर नवीन मोटारसायकलची. खाली लिहिलं होतं, "कुणाचा आहे? सोडू नकोस."

कुणाचा आहे. दारं घ्यायला गेलेल्या माणसाचा आहे. ज्यानं आयुष्यात पूलचा टेबल बघितला नाही त्याचा आहे. मी पलंगावर बसून राहिलो. द्राक्षं त्याची, गाड्या त्याच्या, सासऱ्यांचा विश्वास त्याचा, ते मी गिळलं. पण हे माझं होतं हो. तीस वर्षं जे मी शोधलं ते याला गोणपाटात, फुकट, दारांबरोबर. अंगाचा नुसता जाळ झाला.

बाहेर आलो आणि क्यू भिंतीला टेकवला, अगदी बेफिकिरीनं.

"रिजेक्ट माल आहे," मी म्हणालो.

त्याचा घास हातातच राहिला. "म्हंजी?"

"हा बिल्ला बघा. उलटा आहे. कारखान्यातच खोट राहिलीय. कुणी विचारणार नाही. लाकूड बरंय, एवढंच."

"म्हंजी चांगली नाय?"

"राहू दे इथे पाहिजे तर. चामडं बदलून सरावाला वापरीन. तुमचंही नुकसान नको, काय द्यायचं ते देतो."

मला वाटलं होतं, तो म्हणेल, घ्या भाऊ, मला काय करायचीय. नेहमी तसंच म्हणतो. पण तो उठला, हात धुतले, बिल्ल्यावरून अंगठा फिरवला आणि क्यू परत गोणपाटात गुंडाळला. "नको," म्हणाला. "घेऊन जातो."

जिना उतरताना त्याच्या खांद्यावर ते गोणपाट हलताना मी गॅलरीतून बघत राहिलो. बायको म्हणाली, "भाजी निवडायला बसा, काय बघताय?" मी मेथी निवडायला बसलो आणि देठ ठेवून पानं टाकून दिली.

पुढचे दोन महिने काही सुचलं नाही. क्यू बंगल्याच्या माळ्यावर पडला असेल. त्याला टोमॅटोचा वेल बांधला असेल. कुणीतरी त्याला खरं सांगितलं असेल आणि तो मनात मला हसत असेल. रोज एक नवीन शंका. फोन करून सहज विचारावं असं दहादा मनात आलं, पण विचारलं असतं तर त्याला संशय आला असता. बायकोच्या बहिणीचा फोन आला की मी पेपर धरून कान तिकडे लावायचो. दोघी हळू बोलायच्या. मला वाटायचं, नवीन गाडीचं चाललंय.

मार्चमध्ये घरच्या घरी माझी साठी केली. मुलगी, जावई, शेजारची चार माणसं. बायकोनं साठ दिव्यांचं ताट करून मला ओवाळलं. मग आहेर. साडू पुढे आला, नव्या टोपीत, आणि लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक माझ्या हातावर ठेवून पाया पडला.

वजनावरूनच मला कळलं. कापड काढलं.

क्यू आरशासारखा चमकत होता. नवं पॉलिश, जाड, त्यात वरची ट्यूबलाइट दिसेल असं. जुना पिवळेपणा घासून काढलेला. आणि बुडावर बिल्ला, सरळ. अक्षरं पायावर उभी. कडेला नव्या गोंदाची बारीक रेष.

"ह्यांनीच सांगितलं होतं ना," बायको सगळ्यांना कौतुकानं म्हणाली, "रिटायर झाल्यावर घेईन म्हणून. मी कधीच सांगून ठेवलं होतं भाऊजींना. मिळाला तशी आधी ह्यांच्याकडेच घेऊन आले, आहेराला चालेल का बघायला."

साडू लाजला. मग मला म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं खोटीची वस्तू आहेरात देत नाय. माझ्या लग्नात समईची एक चोच वाकडी व्हती तर आमच्या आईनं समई माघारी धाडली, तुम्हाला ठाऊकच हाय. मग कसं द्यायचं? तुम्ही खोट दाखवली ते बरं झालं."

समई मला आठवत होती. त्या वेळी मी मांडवात ती माघारी धाडण्याची थट्टा केली होती.

"सरळ करणारा माणूसच मिळंना," तो सांगत होता. "सिन्नरला गेलो, इथं भद्रकालीत फिरलो. शेवटाला एक म्हातारा कारागीर गवसला, तंबोरे दुरुस्त करतो. तो काय म्हणला माहीत हाय? म्हणला, ह्याला हात लावू नका, हे असंच ऱ्हाऊ द्या, जुन्या वस्तूत चूक असली की तिला जास्त मोल. दोनदा म्हणला. मी म्हणलं, बाबा, आमच्या भाऊंनी स्वतः भिंग लावून बघितलंय. तीस वर्षं कारखान्यात हेच काम केलेला माणूस हाय. ते खोट म्हणले म्हंजी खोट. तुम्ही करा सरळ."

सगळे हसले. माझी मुलगी टाळ्या वाजवत होती. मी क्यू हातात फिरवत उभा होतो.

"बरुबर केलं ना भाऊ?"

"बरोबर केलंत," मी म्हणालो.

"आता किती किंमत व्हईल?"

पुण्याच्या माणसाचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये होतं, फोन माझ्या खिशात होता. मी काहीतरी आकडा सांगितला. मोठा सांगितला. त्याचा चेहरा उजळला, आणि मला तेही बघवेना. आजवर त्याच्या बागेचा, गाड्यांचा हेवा केला, तो समजण्यासारखा होता. त्या दुपारी मला त्याच्या मनाचा हेवा वाटला. दुसऱ्याच्या शब्दावर डोळे मिटून विसंबून राहता येणं, हेसुद्धा त्यालाच मिळालेलं.

क्यू आता हॉलच्या कोपऱ्यात असतो. खेळायला उत्तम आहे. पुण्याच्या माणसानं दोनदा विचारलं, मी उत्तर दिलं नाही. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही.

साडू येतो तेव्हा पेटी खाली ठेवून आधी त्या कोपऱ्याकडे जातो. क्यू उचलतो, बिल्ल्यावरून अंगठा फिरवतो आणि विचारतो, "बसलाय ना भाऊ सरळ?"

मी "पास" म्हणतो, आणि त्याच्यासाठी चहा सांगतो.