घोड्यामागच्या कॅमेऱ्याची दुरुस्ती

गेम सीडीवर विकले जायचे, तेव्हाची गोष्ट. मी ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर होते आणि शनिवार-रविवार भातसानगरला आईबाबांकडे यायचे. बाबा धरणावर पाण्याची पातळी नोंदवायचे. रोज सकाळी भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि ऑफिसला कळवायचा, हे त्यांचं काम. वीस वर्षांत एकही आकडा चुकला नाही, असं ते पाहुण्यांना चहाआधी सांगायचे.

आमची कंपनी परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी एक गेम करत होती. त्यात एक घोडा डोंगर चढायचा, आणि खेळणाऱ्याला तो मागून दिसायचा. मागून म्हणजे कुठून, हे ठरवणारा एक कॅमेरा गेममध्ये असतो. तो हातात धरता येत नाही, नुसता हिशोब असतो. आमच्याकडे असे वेगवेगळे कॅमेरे बसवायच्या प्रोग्रामांचा एक जुना संच होता. गेमचं मुख्य सॉफ्टवेअर बदललं आणि हा संच त्याच्याशी जुळेना. ज्याने तो लिहिला होता तो नोकरी सोडून गेला होता. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, मी जेवणाचा डबा उघडत होते, म्हणून काम माझ्याकडे आलं.

आठवडाभर खपून मी संच नवा केला. चालू केल्यावर घोड्याच्या प्रत्येक टापेबरोबर कॅमेरा हिसके खाऊ लागला. ऑफिसात दोघांचं डोकं दुखलं. साहेब म्हणाले, "घरी घेऊन जा. कधी गेम न खेळलेल्या माणसांना दाखव. सोमवारी नीट पाहिजे."

आसनगावला लोकलमधून उतरून कॉम्प्युटरचा सीपीयू मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. मॉनिटर घरी होता. रिक्षावाल्याने विचारलं, "काय हाय त्यात?"

"घोडा," मी वैतागून म्हटलं. शहापूर मागे पडेपर्यंत तो आरशातून डब्याकडे बघत होता.

कधी गेम न खेळलेली माणसं म्हणजे आईबाबा. त्यात आईला बस लागायची. धसईला मावशीकडे जातानासुद्धा तिच्या पिशवीत लिंबू असायचं. माझ्या कामाला याहून चांगलं माणूस मिळालं नसतं. मी तिला खुर्चीत बसवलं आणि घोडा सोडला. दुसऱ्या मिनिटाला ती उठली.

"गो, बंद कर ते. माळशेज घाटात येष्टीत बसल्यागत होतंय."

मग बाबा बसले. त्यांनी बाणाची बटणं एवढी दाबली की घोडा कड्याला पाठ लावून उभा राहिला. कॅमेऱ्याला मागे जागा उरली नाही, म्हणून तो पुढे सरकला आणि थेट घोड्याच्या पोटात शिरला. गेममधली जनावरं म्हणजे नुसती कातडी, आत काही नसतं.

बाबा चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. "अगो, घोडा पोकळ हाय!"

"म्हनून तर एवढा उडतो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

रविवारी सकाळी मी उठले तर कीबोर्डवर एक कागद होता, बाबांच्या ठसठशीत अक्षरात. विषय: घोड्यामागील कॅमेऱ्याबाबत. त्याखाली लिहिलं होतं, की घोडा पोकळ आढळून आला, कॅमेरा विनाकारण हलतो, आणि घरातील एका व्यक्तीस मळमळ झाली. तरी योग्य कार्यवाही व्हावी. शेवटी सही.

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "बाबा, घोडा उड्या मारतो, तर कॅमेरा हलणारच ना? तो त्याच्या मागेच असतो."

बाबांनी घड्याळात पाहिलं. म्हणाले, "चप्पल घाल. माझी वाचायची वेळ झाली."

आम्ही धरणावर गेलो. वारा होता. पट्टीपाशी पाणी वरखाली होत होतं.

"आकडा सांग," बाबा म्हणाले.

मी सांगितला. तोवर पाणी खाली गेलं. दुसरा सांगितला, तर ते वर आलं. चौथ्या आकड्याला मी हात टेकले.

"ती लाट हाय, पानी नाय वाढलं," बाबा म्हणाले. "प्रत्येक लाट लिवली तर ऑफिसात मला वेडा म्हनतील. थोडा वेळ थांबायचं, वर किती जातं, खाली किती येतं बघायचं आणि मधला आकडा घ्यायचा."

मला घोडा आठवला. घोड्याची प्रत्येक उडी कॅमेऱ्याने कशाला मोजायची? गेल्या काही क्षणांतल्या उंचीचा मधला आकडा घेतला की झालं. मी जवळजवळ धावतच घरी आले.

पहिल्यांदा मी खूप जास्त वेळाचा मधला आकडा घेतला. घोडा डोंगर उतरून खाली गेला आणि कॅमेरा वरच राहिला. बाबा म्हणाले, "ह्याची येष्टी चुकली वाटतं." वेळ कमी करत गेले, तशी दुपारपर्यंत दोघांची चाल जमली. कड्यापाशी कॅमेरा पोटात शिरायच्या ऐवजी वर उचलला जाईल, अशीही सोय केली. मग आईला बोलावलं. ती भिजवलेले वाल घेऊन आली आणि सोलत बसली. घोड्याने दोन डोंगर पार केले, तिचे वाल संपले, लिंबाची आठवणसुद्धा निघाली नाही.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बरं वाटतंय. पन त्याला पानी कधी पाजनार?"

सोमवारी साहेबांनी घोडा पाच मिनिटं पळवला आणि "ठीक आहे" म्हणाले. गिऱ्हाइकाचं एका ओळीचं उत्तर आलं आणि त्याच ओळीत पुढचं काम होतं.

बाबांनी मात्र त्यांच्या ऑफिसात सांगून टाकलं, की मुलगी कॅमेरे दुरुस्त करते. पुढच्या शनिवारी दारात त्यांचे एक सहकारी रोलचा कॅमेरा घेऊन उभे. फ्लॅश पडत नव्हता, आणि पुतणीची हळद दुसऱ्याच दिवशी होती. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण बाबांनी अशा नजरेने पाहिलं की मी कॅमेरा हातात घेतला. सेलचं झाकण उघडलं. सेल उलटे घातले होते. सुलटे केले, आणि फ्लॅश लख्खकन पडला.

त्या काकांनी दोन्ही हात जोडले. जाताना बाबांना म्हणाले, "शिकलेल्या मानसाचं कामच येगळं."

बाबा दारात ताठ उभे राहून म्हणाले, "हे तर काहीच नाय. तिचा घोडा बघायला या एकदा."