फॅटचा लाल आकडा

"माझ्यावर भरवसा ठिवू नका, आकड्यावर ठिवा," असं बंडप्पा एकदा म्हणाले होते. गावच्या दूध डेअरीचे सचिव म्हणून तो त्यांचा पहिला दिवस होता. खिडकीबाहेर किटल्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांनी ऐकलं आणि किटल्या पुढं सरकवल्या. नव्या माणसानं काहीतरी बोलायचं असतं, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. बंडप्पांनी मात्र ते वाक्य मनापासून म्हटलं होतं आणि पुढं ते त्यांच्याच अंगाशी आलं.

तामलवाडीहून आत वळल्यावर हे गाव लागतं. डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली, तिला पश्चिमेकडं एक रुंद खिडकी. आत फॅट मोजायचं मशीन, त्याला जोडलेला एक जुना कॉम्प्युटर. बाहेर रांग. दूध आत जातं, मशीन ते चाखल्यासारखं करतं आणि आकडा पडद्यावर उमटतो. त्या आकड्यावर दुधाचा दर ठरतो, म्हशीची अब्रू ठरते, पेंडीची प्रत ठरते आणि घरात कुणी दुधात पाणी घातलं का, हेही ठरतं.

बंडप्पांचं तरुणपण धाराशिवच्या बाजारात गेलं. एका आडतीत ते मापाडी होते. मापाड्यानं पोतं काट्यावर चढवायचं, वजन मोठ्यानं पुकारायचं, आणि देणाऱ्यानं व घेणाऱ्यानं दोघांनीही काटा बघितला की मगच पोतं उतरवायचं. पुकारलेलं वजन कुणी डोळ्यांनी बघितलं नसेल तर ते वजनच नव्हे, अशी तिथली रीत. बंडप्पा मनात कानडीत मोजत आणि तोंडानं मराठीत पुकारत. आईची भाषा मोजण्यापुरती त्यांच्यात उरली होती. पुढं विजेवरचे काटे आले. आकडा दोन्ही बाजूंना आपोआप दिसू लागला, पुकारणाऱ्याची गरज उरली नाही. बंडप्पा गावी परतले. त्यांनी त्याबद्दल तक्रार केल्याचं कुणाला आठवत नाही.

डेअरीत आल्यावर त्यांना पहिली गोष्ट खटकली ती ही, की पडद्याचं तोंड सचिवाकडं आणि पाठ लोकांकडं. दुसरा पडदा मागून बघितला, मिळाला नाही. मग त्यांनी गावातल्या वेल्डरकडून सायकलच्या बेअरिंगवर फिरणारा एक पाट करून घेतला आणि मॉनिटर त्यावर बसवला. दूध आलं की आकडा स्वतः वाचायचा, पुकारायचा, मग पडदा गर्रकन खिडकीकडं फिरवायचा. माणूस "व्हय" म्हणाला की परत आपल्याकडं. प्रत्येक किटलीला एकदा. म्हातारी आली, डोळ्यांनी अधू असली, तरी तिच्यासाठीसुद्धा फिरवायचा.

असं कित्येक वर्षं चाललं. या फिरवण्यानंच वायर तुटली. पडद्याच्या वायरीत रंगांच्या वेगवेगळ्या बारीक तारा असतात. त्यातली लाल रंगाची तार मॉनिटरच्या तोंडाशी पीळ पडून पडून निकामी होत आली. पडदा बंडप्पांकडं असला की तुटकी टोकं एकमेकांना टेकत. लोकांकडं वळला की सुटत. काळ्या पडद्यावर लिटर हिरव्या अक्षरात येत, दर पांढऱ्यात, आणि फॅट, महत्त्वाची म्हणून, लाल रंगात. लोकांना लिटर दिसत, दर आकाशी रंगाचा दिसे, आणि मधे फॅटच्या जागी नुसतं काळं.

हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला. बंडप्पा पडद्यासमोर असताना पडदा नीट असे. बिघाड फक्त ते नसलेल्या बाजूला होत होता.

पहिल्यांदा विचारलं गजराबाईनं. तिची एकच म्हैस, पण वेळेला पक्की.

"आप्पा, फॅट कुठाय?"

"हे काय, सहा पॉइंट चार." बंडप्पांनी पडदा आपल्याकडं ओढून बघितला. आकडा होता. पुन्हा तिच्याकडं फिरवला. "दिसलं?"

"न्हाय की."

"ऊन येतंय पडद्यावर."

"ऊन पडद्यावर अन् लिटर कसं दिसतंय मला?"

रांगेतला रणधीर हसला. त्याच्याकडं चार जर्सी गायी आणि जिभेला हाड नाही. "मावशी, नवी नवरी हाय ती. आप्पापुढं तोंड उघडं, माणसं दिसली की पदर."

त्या दिवशी सगळे हसले, बंडप्पाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी उन्हासाठी पडद्याला पुठ्ठ्याची झापड लावली. लोकांना वाटलं, आता झाकायलाही लागले. मग खिडकीला पोतं टांगलं. लोकांना वाटलं, आता अंधारच केला. बंडप्पांना यातलं काही कळत नव्हतं असं नाही. पण बिघाड काढायचा तर एकेक गोष्ट करून बघावी लागते, आणि करताना ती सगळ्यांना दिसत होती.

एका दुपारी त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली धूळ कुंचल्यानं काढली, मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरानं घासली. असं करतात हे त्यांनी तुळजापुरात बघितलं होतं. पडदा त्यांच्याकडं तोंड करून सुरू झाला, स्वच्छ, तिन्ही रंगांत. संध्याकाळी खिडकीकडं वळवल्यावर फॅट पुन्हा गेली.

कुणी सांगितलं, अर्थिंग गेलं असेल. डेअरीमागच्या अर्थिंगच्या, मीठ-कोळशाच्या खड्ड्यात ते रोज सकाळी कळशीभर पाणी ओतू लागले. जाणारे-येणारे बघत.

"बंडप्पानं कॉम्प्युटरला म्हादेव केलाय. अभिषेक चाललाय."

"बेल बी वाहा म्हणावं. फॅट प्रसन्न हुईल."

चिठ्ठी छापून मिळत होतीच. त्यावर आकडा असे. पण लोकांनी चिठ्ठीकडं बघणं सोडलं. कागदावर काय, मागनं काहीही छापता येतं. इतकी वर्षं बंडप्पांनीच त्यांना पडदा बघायची सवय लावली होती. आता पडद्यावर नाही ते कुठंच नाही, असं झालं.

तुळजापूरहून उमाशंकर मेकॅनिक आला. मोटारसायकलवरून, हेल्मेट न काढता आत. खुर्चीत बसला, सगळं चालू-बंद करून बघितलं, एका किटलीची फॅट स्वतः मोजली.

"आप्पा, मशीन म्हातारं हाय. पण नजर फर्स्टक्लास."

"लोकांस्नी दिसंना झालंय."

"मला दिसतंय की."

"तू माझ्या जागंवर बसलायस."

उमाशंकरनं ते ऐकलं नाही, त्याचा फोन वाजत होता. तो गेल्यावर गावात खबर पसरली ती एवढीच, की मेकॅनिकनं मशीन ठीक आहे म्हणून सांगितलं. म्हणजे गोष्ट मशीनची नव्हती, माणसाची होती. रणधीरनं ते कुठंही मोठ्यानं म्हटलं नाही. तो नुसता म्हणाला, "मेकॅनिक कशाला खोटं बोलंल?"

चेअरमन आण्णासाहेब हे गावातले मोठे बागायतदार. त्यांनी सभा बोलावली. बंडप्पांना ठेवायचं की नाही, हे ठरायचं होतं. पगार असा फार नव्हता, तो सुटला असता तरी घर चाललं असतं. प्रश्न नावाचा होता. आडतीत इतकी वर्षं काढून ज्याच्या काट्याकडं कुणी बोट दाखवलं नाही, तो माणूस फॅट चोरून डेअरीतून गेला, हे गावात कायमचं राहिलं असतं. बंडप्पांना झोप लागेना.  

सभेच्या आदल्या दिवशी सकाळचं दूध संपल्यावर बंडप्पांनी एक गोष्ट केली, जी इतके दिवस केली नव्हती. पडदा खिडकीकडं फिरवून ठेवला, दाराबाहेर आले, खोलीला वळसा घालून खिडकीसमोर, रांगेच्या जागी, उभे राहिले. शेवटच्या किटलीचा आकडा अजून पडद्यावर असायला हवा होता. लिटर होते. दर होता. मधे काळं. गजराबाईला जे दिसत होतं ते त्यांना पहिल्यांदा दिसलं. 

मग खिडकीतून हात घालून त्यांनी पडदा हळूहळू फिरवला. एका ठिकाणी लाल आकडा लुकलुकला. थोडा मागं घेतला, गेला. पडदा तसाच धरून दुसऱ्या हातानं मागची वायर उचलली. आला. सोडली. गेला. एवढंच होतं.

घरी त्यांनी ते बायकोला, गौराबाईला, सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मग दुसरी वायर आना अन् गप बसा. दिसाय लागलं की समदे इसरत्याल."

"वायर बदलली तर उद्या काय दाखवू?"

"काय दाखवाय लागतंय? नीट झालं म्हनायचं."

"नीट झालं म्हनल्यावर, आदी काय नीट नव्हतं, ते कोन मान्य करनार? डोळ्यांनी बघू दे की त्यांना."

"तुमचं ते बाजारातलं डोकं अजून गेलं न्हाय," गौराबाई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

सभा दुपारी होती, कारण दूध सकाळ-संध्याकाळ येतं. धुतलेले कॅन भिंतीला पालथे होते. बंडप्पांनी कुणाला बसू दिलं नाही. सगळ्यांना खिडकीबाहेर, रांगेच्या जागी उभं केलं. आण्णासाहेबांनाही.

"आदी तिकडनं बगा," ते आतून म्हणाले. नमुन्याचं दूध मशीनला लावलं आणि पडदा फिरवला. "फॅट दिसती?"

"न्हाय," आण्णासाहेब म्हणाले.

"आता बगा." त्यांनी मागून वायर उचलून धरली. काळ्यातून चार पॉइंट एक वर आलं, लालभडक.

"आली की," गजराबाई म्हणाली.

वायर सोडली. आकडा गेला. उचलली. आला. मग त्यांनी समजावून सांगितलं. आतली लाल तार तुटली, पडदा फिरवून फिरवून तुटली, त्यांच्याकडं वळला की जुळते, लोकांकडं वळला की सुटते, म्हणून त्यांना कधी कळलंच नाही. नेहमी कमी बोलणारा माणूस सलग बोलला. बाजारात पुकारताना येत असेल तसा मोकळा आवाज होता.

"आप्पा, पुन्यांदा करा," रणधीर म्हणाला.

केलं.

"आनिक एकदा."

केलं. बंडप्पांच्या चेहऱ्यावर ताण उरला नव्हता. दाखवायचं ते दाखवून झालं होतं.

"म्हंजी," रणधीर सावकाश म्हणाला, "पायजे तवा आनता येतीया, पायजे तवा घालवता येतीया."

मागं कुणीतरी हसलं. बाकीचे हसले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. प्रत्येकजण खिडकीतून बंडप्पांच्या हाताकडं बघत होता.

"तार तुटलीय म्हनून," बंडप्पा म्हणाले.

"तुटलीय ते बगितलं की. पर तुमच्या बोटात हाय ते बी बगितलं."

"आरं रन्या, मानूस आपनहून दाखवतंय तर तू त्याच्याच उरावर," गजराबाई म्हणाली.

"म्या कुठं चोर म्हनलं मावशी? म्या दिसलं ते बोललो. आप्पाच म्हनत्यात ना, दिसंल त्यावर भरवसा ठिवा."

आण्णासाहेबांनी हात वर केला. त्यांना भांडण नको होतं. ते समंजस माणूस होते, आणि समंजसपणानंच बोलले. "झालं, मिटलं. बिघाड सापडला, लई बेस झालं. नवी वायर उद्या आनू. बंडप्पा, तुमीच बसायचं, कुनी काढत न्हाय तुमाला." थोडं थांबले. "फकस्त उद्यापासून रणधीर आत तुमच्याशेजारी बसंल, दोन्ही टायमाला. कशाला हात लागतोय, कशाला न्हाय, त्याच्या डोळ्यापुढं हुईल. म्हंजी तुमच्यावर बालंट न्हाय. तुमच्याच भल्याचं बोलतोय म्या. काय?"

लोकांनी माना हलवल्या. तोडगा सगळ्यांना पटला. कुणाचा अपमान झाला असं कुणाला वाटलं नाही. गजराबाईसुद्धा म्हणाली, "व्हय, तेवढं केलं तर बरं पडंल."

बंडप्पांच्या हातात वायर तशीच होती आणि पडद्यावर चार पॉइंट एक. आण्णासाहेब उत्तराची वाट बघत होते. त्यांनी पुन्हा "काय?" म्हटलं.

बंडप्पांनी वायर खाली ठेवली. खुर्चीतून उठले, दारात चपला पायात सरकवल्या आणि पालथ्या कॅनच्या रांगेमधून, कुणाकडं न बघता निघून गेले.