नऊ वारांची घडी

“श्वास भरून घे. पोट फुगव. सोडू नकोस हं!” असं म्हणत काकू मुलीच्या कमरेला नऊवारीची गाठ मारायच्या. नेसवून झालं की पाठीत हलकी चापट. “जा, आता नाच, जेव, काय हवं ते कर. सुटणार नाही.”

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती भाड्याच्या शाळेत बसतो. तिथे बाथरूमबाहेर लेझीमच्या मुलींची रांग आणि आत काकू. तुमच्याही मंडळात अशी एक काकू असेलच. फोटोत ती कधीच नसते.

“काकू, इट्स टू टाइट!”

“सवय होते. सरळ उभी राहा.”

एका हिवाळ्यात, मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी इथेच गेल्या. जन्मभर नऊवारी नेसलेल्या. फ्यूनरल होमवाले अंत्यदर्शनासाठी त्यांना गाउन घालणार होते. काकू मला घेऊन तिथे गेल्या. मी आजींना कुशीवर धरलं. गाठ मारताना काकू सवयीने म्हणाल्या, “आजी, श्वास भरून घ्या.” आणि त्यांचे हात थांबले. मला रडूच फुटलं. काकूंनी मात्र गाठ मारली, काष्टा घातला, पदर सारखा केला.

परतताना कारमध्ये म्हणाल्या, “मला कोण नेसवणार गं? शिका कुणीतरी.”

त्यांनी बेसमेंटमध्ये शनिवारचा क्लास काढला. आम्ही दोनदा गेलो. मग कुणाच्या मुलाची स्विमिंग मीट, कुणाची ऑन-कॉल ड्यूटी. पुढच्या गणपतीला कमिटीने पुण्याहून शिवलेल्या नऊवाऱ्या मागवल्या, इलॅस्टिकच्या. “हा पायजमा आहे,” काकू म्हणाल्या. तरी बाथरूमबाहेर खुर्ची टाकून बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना विचारत होत्या, “कुणाचं सुटलंय का गं?” कुणाचंच सुटलं नव्हतं.

ह्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांनी स्वतःसाठी बाजूला ठेवलेली जांभळी इरकल नऊवारी त्यांच्या मुलीने आणली. त्याच फ्यूनरल होममध्ये ती, मी आणि क्लासमधली एक मैत्रीण, अशा आम्ही तिघी फोनवर व्हिडिओ लावून झटत राहिलो. गाठच बसेना, काष्टा तर लांबच. बाहेर लोक येऊन थांबले होते. शेवटी कुणीतरी शिवलेली नऊवारी आणली. तिथल्या माणसाने परवानगी विचारून ती मागून उभी कापली आणि पुढून काकूंच्या अंगावर चढवली.

“समोरून काही कळणार नाही,” तो समजुतीने म्हणाला.

खरंच कळलं नाही. “काकू किती छान दिसतायत,” असं लोक म्हणत होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

इरकल त्यांच्या पायाशी ठेवायचं ठरलं. आम्ही तिघी ती टोकांना धरून उभ्या राहिलो. तिची घडीसुद्धा आम्हाला नीट घालता आली नाही.