सोळाशे वाक्यं

कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांना सगळे टिकमार्क म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. एकतीस वर्षं बेअरिंगचे खोके त्यांनी यादीशी ताडून आत घेतले आणि यादीशी ताडून बाहेर दिले. "टिकमार्कनं पाहिलंय ना, मग डोळे मिटून सही कर," असं नवे साहेबसुद्धा म्हणत.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी तोच माणूस जिन्याखालच्या एका दुकानात, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसला होता. पिशवीत दोन जुन्या डिस्क, एक पेन ड्राइव्ह आणि मुलीचा कॉलेजातला लॅपटॉप. काउंटरपलीकडे आखूड केसांची एक बाई होती. संगणकातून गेलेलं परत काढण्यात तिचा हात कुणी धरत नाही, असं ऐकून ते आले होते.

"काय गेलंय, काका?"

"आवाज. म्हणजे फायली आहेत, आवाजाच्या. बायकोच्या. सोळाशे."

बायकोला दोन वर्षांपूर्वी मज्जातंतूंचा आजार निघाला. हात गेले, मग पाय. वाचाही जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून दवाखान्यातल्या एका बाईंनी सोळाशे वाक्यांची यादी दिली. जीभ धड आहे तोवर एवढी रेकॉर्ड करा. पुढे त्या नजरेनं अक्षरं निवडतील आणि संगणक त्यांच्याच आवाजात बोलेल.

चार महिने दोघं दुपारभर माइकपुढे बसली. वाक्यं कुणी केली होती देव जाणे. निळ्या पेटीत सात चमचे आहेत.

"सात? आपल्याकडे सहाच आहेत," ती म्हणायची. "सातवा तुमच्या स्टोअरमधून ढापलात का?"

"नुसतं वाक्य म्हण गं." आणि ते बिघडलेलं पुसून पुन्हा घ्यायचे.

शेवटची दोनशे वाक्यं जड जिभेनं, दिवसाला चार-पाच झाली. यादी संपली आणि तीन आठवड्यांत तिचं बोलणं थांबलं. नजरेवर चालणारं यंत्र जुन्या संगणकाला पेलेना, म्हणून नवा घेतला. तिथेच घात झाला.

"कॉपी कसं केलंत?" दुकानातल्या बाईनं विचारलं.

"डेस्कटॉपवरचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. उघडला. यादीशी ताडून पाहिला, सोळाशेच्या सोळाशे. तीन वाक्यं वाजवूनही पाहिली."

"पेन ड्राइव्ह जुन्याच संगणकात असताना?"

"हो. मग?"

तिनं पेन ड्राइव्ह लावला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. एकच चित्र होतं, कोपऱ्यात वाकडा बारीक बाण असलेलं.

"हा फोल्डर नाही, काका. फोल्डरकडे जायची वाट आहे नुसती. घर जुन्या डिस्कवरच राहिलं. तुम्ही ऐकलंत ते तिथलं."

ते बाणाकडे बघत राहिले. खोका उघडल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी काही ताब्यात घेतलं नव्हतं.

"घाबरू नका. जुनी डिस्क आणलीय ना? वरवर पुसलेलं सहसा निघतं. कशी पुसली, झटपट की पूर्ण?"

स्क्रीननंही त्यांना हेच विचारलं होतं. झटपटला एक मिनिट, पूर्णला सहा तास. डिस्क भाच्याला द्यायची होती. दुसऱ्याच्या हाती वस्तू द्यायची तर नीट साफ करून द्यावी, असं त्यांना वाटलं होतं.

"पूर्ण," ते म्हणाले. "संपेपर्यंत शेजारी बसून होतो."

बाईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "निष्काळजी माणसांचं काम मला सोपं जातं हो," ती हळूच म्हणाली. "ठेवून जा सगळं. बघते."

पाचव्या दिवशी ते गेले. पहिली डिस्क कोरी. दुसरीत मुलीचे निबंध. पण लॅपटॉपवर पहिल्या दोन दिवसांचं रेकॉर्डिंग करून पाहिलं होतं, त्यातल्या एकोणीस फायली निघाल्या होत्या. बाईनं हेडफोन दिला.

अठरांत त्यांचाच आवाज होता. एक, दोन, तीन. माइक चालू आहे. एक, दोन, तीन. एकोणिसावीत ती होती. तिनं बोलायला श्वास आत घेतला, तो स्वच्छ ऐकू आला. मग त्यांचा आवाज: "थांब, लाल दिवा लागू दे." तिथे फाइल संपली.

त्यांनी ती सात-आठ वेळा ऐकली.

"यावरून आवाज घडेल?"

"तुमचा घडेल," बाई म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

घरी खाटेसमोर नवं यंत्र जोडून ठेवलेलं होतं. आठवडाभर ती आधी त्याच्याकडे आणि मग यांच्याकडे पाहत होती, आणि हे सांगत होते की एक भाग यायचाय. आज त्यांनी पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि क्रमानं सगळं सांगितलं. बाण. सहा तास. एकोणीस फायली. काही वगळलं नाही.

मग त्यांनी अक्षरांचा तक्ता हातात घेतला. ते ओळींवरून बोट फिरवत, हव्या त्या अक्षराला ती पापणी मिटे. अक्षर मोठ्यानं म्हटल्याशिवाय त्यांच्या लक्षात राहत नसे, म्हणून गेले कित्येक दिवस या घरात तिचं सगळं बोलणं त्यांच्याच तोंडून निघत होतं. शेवटी ते अख्खं वाक्य म्हणून दाखवत आणि विचारत, हेच ना? एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही.

एरवी दोन शब्दांत ते पुढचं ओळखायचे. तिचे श्रम वाचायचे. आजही दुसऱ्या शब्दाला त्यांना कळलं होतं. पण त्यांनी ओळखलं नाही. एकेक अक्षर घेतलं, एकेक काना घेतला. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं, ते थांबेपर्यंत थांबले, आणि मग नेहमीसारखं वाक्य पूर्ण म्हणून दाखवलं.

"माझा आवाज तुम्ही घालवलात."

खोलीत ते नीट ऐकू आलं.

"हेच ना?" त्यांनी विचारलं.

तिची पापणी एकदा मिटली आणि उघडली. ते तक्ता धरून दुसऱ्यांदा मिटायची वाट पाहत राहिले. ती त्यांच्याकडे बघत होती.