सुई नसलेलं झाड

बेडूक आणि सूचिपर्णी झाड यांची तुलना करा, फरकाचे दहा मुद्दे लिहा! आठवीतल्या लेकीला शाळेतून हा प्रकल्प मिळाला आणि मी कपाळाला हात लावला. उद्या म्हशीची तुलना पाट्या-वरवंट्याशी करायला सांगतील. शिवाय आमच्या देऊळघाटात सूचिपर्णी झाड आणायचं कुठून?

"पुस्तकातून उतरव अन् मोकळी हो," मी म्हटलं.

ऐकेल तर शपथ! वर्गातल्या सगळ्यांनी देवदार उतरवला होता. हिचं एकच खूळ, लहानपणापासूनचं: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. बेडूक सापडला कूलरच्या टाकीत. त्याला त्रास नको म्हणून जूनच्या उकाड्यात तीन दिवस कूलर बंद. नवरा घामाघूम, आणि बोलणी मला.

"आई, हा तोंडानं पाणी नाही पेत, कातड्यानं पेते!"

"मंग मी काय करू? भाजी जळून राह्यली माही."

झाड दारातच निघालं, मोरपंखीचं. त्याची चपटी पानं पोरं 'विद्या' म्हणून वहीत ठेवतात. ठेवली की अभ्यास येतो म्हणे. मीही ठेवायची, मला काही आला नाही. लेकीनं त्याची शिंगं फुटल्यासारखी बारकी फळं फोडून बिया काढल्या. याला फूल नाही, बी शंकूत धरते, म्हणून हे देवदाराच्याच गोतातलं, असं तिनं मला ऐकवलं. पहिला मुद्दा तिनं स्वतःच्या मनानं लिहिला: बेडूक ओल नसली की मरतो, मोरपंखी ओल जास्त झाली की मरते. मला तो फार आवडला होता. पण तेव्हा मी तिला म्हटलं, "झालं का आता? कूलर लावू दे."

शाळेत बाईंनी वही पाहिली. सूची म्हणजे सुई, मोरपंखीला सुया कुठे आहेत? दहाही मुद्द्यांवर लाल रेघ. ती शंकू दाखवायला उठली, तर "बस खाली." देवदारवाल्यांना शाबासकी मिळाली.

हे कळल्यावर माझं डोकंच फिरलं. वही घेतली, चपला पायात घातल्या, शाळेत जाऊन बाईंना चार शब्द सुनावायचेच होते. लेक ओसरीवर मैत्रिणीची वही पुढ्यात घेऊन कोऱ्या कागदावर भराभरा देवदार उतरवत होती.

"काऊन वं, तू पाह्यला का देवदार?" मी ओरडले.

तिनं मान वर केली नाही.

"पाहून काय होते, आई?"