आडव्या इंजिनाची गाडी

आमच्या ह्यांनी उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून जुनी गाडी घेतली. छोटी आणि युरोपियन. त्या कंपनीने आपल्याकडून कधीच गाशा गुंडाळलाय, पण ह्यांचं बोलणं ऐकून वाटावं, कंपनी ह्यांच्या सख्ख्या मामाची आहे. हे आनंदनगरच्या कारखान्यात मेन्टेनन्सला. आधीच मर्कट, तशात मद्य प्याला.

गाडीचा इतिहास मला ऐन पोळ्या करताना शिकवला जायचा. पूर्वी ह्या घराण्यातल्या गाड्यांचं इंजिन मागे, डिकीच्या जागी असायचं. मग तिथल्या इंजिनियरांनी ते पुढे आणलं आणि आडवं ठेवलं. इंजिनाने फिरवायची चाकंही पुढचीच. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा गेला, पायांमधला उंचवटा बसला आणि एवढ्याशा गाडीत चार माणसं ऐसपैस मावू लागली. हे समजावताना माझं लाटणं आधी उभं धरलं जाई, मग आडवं. तोवर तव्यावरची पोळी करपे. पुढे म्हणे प्रत्येक पिढीत गाडी थोडी रुंद, थोडी गोल आणि थोडी जड होत गेली. मी लग्नाचा अल्बम आणून पुढ्यात ठेवला. म्हटलं, एवढं मला माहीत आहे.

हे कामावर कंपनीच्या बसने जात आणि गाडी आठवडाभर खाली कव्हर पांघरून झोपे. तिकडे शिरगावला माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिला व्यायामासाठी बदलापूर स्टेशनजवळच्या दवाखान्यात न्यावं लागे, आणि रिक्षाच्या धक्क्यांनी ती रडकुंडीला येई. लायसन्स माझ्याकडे होतं. किल्ली मात्र मिळत नव्हती. आधी गाडी समजून घे, मग चालव, हे ह्यांचं ठरलेलं उत्तर.

रविवारी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर शिकवणी चाले. मी शिकले ती गाडी जपानी घराण्यातली, तिचा इंडिकेटर उजव्या हाताला. हिचा डाव्या. त्यामुळे मी वळले की रखरखीत उन्हात वायपर कर्र कर्र करत फिरे आणि हे कपाळावर हात मारत. रिव्हर्स टाकायला गिअरच्या मुठीखालची कडी वर ओढायची, चुकून पडू नये म्हणून ती सोय. हेसुद्धा मला इतक्या वेळा सांगितलं, की मी झोपेतही कडी ओढली असती.

एकदा आईचा फोन आला, की आज व्यायाम राहू दे, रिक्षात बसवत नाही. ह्यांची सेकंड शिफ्ट होती, हे घरीच होते. मी गॅस बंद केला आणि विचारलं, "त्या लोकांनी इंजिन आडवं का ठेवलं?"

विद्यार्थिनीने आपण होऊन प्रश्न काढला म्हणून हे खूश झाले. "माणसांना बसायला जागा व्हावी म्हणून."

"मग माझ्या आईला बसू द्या की तिथे."

ह्यांनी खिशातली किल्ली चाचपली. मग म्हणाले, भीती वाटते. बंपरची की माझी, असं मी विचारलं. "दोघांची," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्या खरेपणाबद्दल मला त्यांचं फार प्रेम वाटलं. खाली येऊन कव्हर मात्र त्यांनी स्वतःच काढलं आणि नीट घडी घातली.

गाडी येतेय असं फोनवर कळवलं होतं, त्यामुळे शिरगावला आई गेटपाशी काठी धरून उभी होती. तिने वाकून मागची सीट पाहिली. जावई कुठे, असं विचारलं. एकटीच आलेय म्हटल्यावर ती आत गेली आणि लग्नकार्यातली साडी नेसून आली. जायचं होतं फक्त गुडघा वाकवायला.

व्यायाम झाल्यावर ती पुढच्या सीटवर बसली, पाय लांब केले, आणि ते पुरेसे लांब झाले याचं तिला नवल वाटलं. माझे वडील आधी बैलगाडी हाकायचे, मग टेम्पो. "कुठं जायाचा त्यो त्यांनीच ठरवला," आई म्हणाली. "मना कंदी कोनी इच्यारला नाय."

मी गाडी सुरू केली आणि विचारलं, "बोल आई, कुठे जायचं?"

ती विचार करत राहिली. शिरगावचा फाटा आला, मागे पडला. तिला एकही ठिकाण आठवेना.